वृक्षलागवड आणि उच्चभूमीवरील पक्षी : ‘बर्ड्स, बॉग्ज अँड फॉरेस्ट्री’ या अहवालाचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

झाड लावणे हे पुण्यकर्म आहे, अशी भारतीय समाजाची जुनी धारणा आहे. आधुनिक काळात या धारणेला पर्यावरणशास्त्राची जोड मिळाली आणि शासकीय परिपत्रकांपासून महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांपर्यंत ‘पर्यावरण संवर्धन’ व ‘वृक्षारोपण’ हे शब्द जवळजवळ समानार्थी म्हणून वापरले जाऊ लागले. किती रोपे लावली आणि त्यांपैकी किती जगली, हे प्रश्न विचारले जातात. परंतु ज्या जागी रोप लावले त्या जागी आधी काय होते आणि तेथे कोणाचे वास्तव्य होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने आणि आकडेवारीच्या आधारे उपस्थित करणारा एक महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे ब्रिटनच्या ‘नेचर कन्झर्व्हन्सी कौन्सिल’ या शासकीय निसर्गसंवर्धन संस्थेने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘बर्ड्स, बॉग्ज अँड फॉरेस्ट्री’ हा अहवाल होय. स्ट्राउड, रीड, पिएन्कोव्स्की आणि लिंडसे हे त्याचे लेखक असून संस्थेचे मुख्य शास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ आणि ऑस्वल्ड यांनी त्याचे संपादन केले. स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरील केथनेस आणि सदरलंड या परगण्यांतील दलदली, तेथील पक्षी आणि त्या जमिनीवर झालेली वृक्षलागवड हा त्याचा विषय. अहवालाची मांडणी, त्याच्या मर्यादा, पुढील संशोधनाने त्याला दिलेला दुजोरा आणि भारतीय, विशेषतः महाराष्ट्रीय, संदर्भात त्याची उपयुक्तता यांची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

पार्श्वभूमी : ओसाड समजली गेलेली जमीन

केथनेस आणि सदरलंडमधील हा प्रदेश ‘फ्लो कंट्री’ या नावाने ओळखला जातो. ‘फ्लो’ हा शब्द नॉर्स भाषेतून आलेला असून ओली, सपाट जमीन असा त्याचा अर्थ आहे. सुमारे ४,००० चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात हजारो वर्षांपासून स्फॅग्नम जातीचे शेवाळ अर्धवट कुजून थरांवर थर साचत गेले. या थरांना ‘पीट’ म्हणतात. काही ठिकाणी त्यांची खोली दहा मीटरपर्यंत जाते. वर लहानमोठी डबकी, गवत, हेदरची झुडपे आणि दूरवर मोकळे क्षितिज, असे तेथील दृश्य आहे. झाडांच्या अभावामुळे परक्या माणसाला ही जमीन ओसाड वाटते.

पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र ती ओसाड नाही. सोनचिखल्या, डनलिन आणि ग्रीनशँक हे पाणथळीचे पक्षी येथे वीण करतात. यांपैकी डनलिन आणि ग्रीनशँक या जाती महाराष्ट्रातील पक्षिनिरीक्षकांना अपरिचित नाहीत. हिवाळ्यात कोकणच्या खाड्यांत आणि मुंबईच्या चिखलकाठांवर त्यांचे थवे उतरतात. हे पक्षी स्कॉटलंडचे नसून अन्य उत्तरेकडील प्रदेशांतून येणारे असतात, हे खरे. तथापि किनाऱ्यावर दिसणारा पक्षी हा वर्षाचा महत्त्वाचा काळ दूरच्या एखाद्या मोकळ्या उच्चभूमीवर घालवतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

या जमिनीवर झाडे का लावली गेली, याचे उत्तर पर्यावरणात नव्हे तर अर्थकारणात सापडते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये वनाच्छादन जेमतेम पाच टक्के उरले होते. लाकडाच्या टंचाईचा अनुभव ताजा असल्याने १९१९ मध्ये वन आयोगाची स्थापना झाली. चांगली जमीन शेतीसाठी राखून ठेवल्यामुळे लागवडीचा भार उच्चभूमीवर पडला. खोल पीटमध्ये चालणारे शक्तिशाली नांगर उपलब्ध झाल्यावर दलदलीतही चर खोदून झाडे लावणे शक्य झाले. त्यात करसवलतीची भर पडली. वृक्षलागवडीवरील खर्च आपल्या अन्य उत्पन्नातून वजा दाखवण्याची मुभा असल्याने अतिउच्च उत्पन्नगटातील व्यक्तींना ही गुंतवणूक फायदेशीर ठरू लागली. परिणामी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन या उत्तर अमेरिकेतील वृक्षांची लागवड वेगाने झाली. फ्लो कंट्रीतील सुमारे ६७,००० हेक्टर पीटभूमी अशा रीतीने झाडांखाली गेली. ज्यांच्या पैशातून ही लागवड झाली त्यांच्यापैकी अनेकांनी ती जमीन कधी पाहिलीही नसावी.

अहवालाची मांडणी

अहवालाचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्याने भावनिक आवाहनाऐवजी गणनेचा मार्ग स्वीकारला. निवडक नमुना-क्षेत्रांत वीण करणाऱ्या पक्ष्यांची गणना करण्यात आली. भूरूप आणि वनस्पती यांच्या आधारे जमिनीचे वर्गीकरण करून कोणत्या प्रकारच्या जमिनीवर कोणत्या पक्ष्याची किती घनता आढळते, हे ठरवण्यात आले. त्यावरून संपूर्ण प्रदेशातील संख्येचा अंदाज बांधून, लागवडीखाली गेलेल्या जमिनीवर किती जोड्या असाव्यात याचे गणित मांडण्यात आले. वृक्षलागवडीमुळे सोनचिखल्याच्या ९१२ जोड्या, म्हणजे प्रदेशातील मूळ संख्येच्या १९ टक्के. डनलिनच्या ७९१ जोड्या, म्हणजे १७ टक्के. आणि ग्रीनशँकच्या १३० जोड्या, म्हणजे १७ टक्के, नाहीशा झाल्या असाव्यात, असा त्याचा निष्कर्ष होता.

दुसरे वैशिष्ट्य असे की, अहवालाने पक्षी आणि जमीन यांचा एकत्रित विचार केला. पक्ष्यांची घट हे लक्षण आणि दलदलीचा नाश हे कारण, अशी त्याची मांडणी आहे. चर खोदल्याने पाण्याची पातळी खाली जाते, पीट कोरडे पडते, शेवाळ मरते, त्यावर वाढणाऱ्या कीटकांची संख्या घटते आणि पिल्लांचे खाद्य नाहीसे होते. झाड उंच होण्यापूर्वीच, नांगर फिरला त्या वर्षी, या साखळीची सुरुवात झालेली असते.

तिसरे वैशिष्ट्य वैचारिक आहे आणि तेच सर्वांत टिकाऊ ठरले. वनीकरण म्हणजे निसर्गात केलेली भर, हे समीकरण अहवालाने नाकारले. वनीकरण हाही जमिनीच्या वापरातील बदल आहे आणि कोणत्याही बदलाप्रमाणे त्यात काही मिळते व काही गमावले जाते. मिळालेल्याची नोंद लागवडीच्या तक्त्यात होते, गमावलेल्याची नोंद कोठेही होत नाही. हा नोंद न होणारा रकाना भरून काढण्याचा प्रयत्न म्हणजे हा अहवाल, असे म्हणता येईल.

अहवालाच्या मर्यादा

अहवालाचे महत्त्व मान्य करूनही त्याच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरणार नाही. पहिली मर्यादा पद्धतीची आहे. नाहीशा झालेल्या जोड्यांचा आकडा हा प्रत्यक्ष निरीक्षणाचा नव्हे तर अनुमानाचा आहे. लागवडीपूर्वी त्या विशिष्ट जमिनींवर सर्वत्र गणना झालेली नव्हती. शेजारच्या तत्सम जमिनीवरून मागे जाऊन काढलेला हा हिशेब आहे. ९१२ किंवा ७९१ असे एककापर्यंत दिलेले आकडे वाचकाच्या मनात वस्तुस्थितीपेक्षा अधिक नेमकेपणाचा आभास निर्माण करतात. घटीची दिशा आणि तिचे सर्वसाधारण प्रमाण यांबाबत अहवाल विश्वसनीय आहे. त्यातील प्रत्येक अंक तसाच्या तसा उद्धृत करण्याची प्रथा मात्र टाळावयास हवी.

दुसरी मर्यादा काळाची आहे. अहवाल लिहिला गेला तेव्हा बहुतेक झाडे कोवळी होती. लागवडीच्या सीमेपलीकडील मोकळ्या जमिनीवर काय परिणाम होतो, याचा पुरावा तेव्हा परस्परविरोधी होता. मार्क एव्हरी यांच्या १९८९ च्या अभ्यासात असा परिणाम फारसा आढळला नाही, तर स्ट्राउड व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तो असल्याचे मांडले. या प्रश्नाचे उत्तर झाडे वाढल्यावरच मिळणार होते.

तिसरी मर्यादा सामाजिक आहे आणि तिची किंमत सर्वांत मोठी ठरली. अहवालाचे प्रकाशन लंडनमध्ये झाले आणि त्याबरोबरच संस्थेने या प्रदेशातील पुढील लागवड थांबवण्याची मागणी केली. केथनेस आणि सदरलंड हे विरळ लोकवस्तीचे, रोजगाराची चणचण असलेले परगणे. वनीकरणातून मिळणाऱ्या कामाची आशा तेथील लोकांना होती. शेकडो मैल दूरच्या राजधानीतून आलेला हा निर्णय त्यांना अन्यायकारक वाटला आणि स्थानिक लोकप्रतिनिधींनी तीव्र विरोध केला. १९८९ मध्ये या संस्थेचे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स असे विभाजन करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि १९९१ मध्ये तो अमलात आला. या विभाजनामागे अन्य राजकीय कारणेही होती, परंतु फ्लो कंट्रीच्या वादाने त्याला गती दिली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. अहवालाने पक्ष्यांची गणना काळजीपूर्वक केली. त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांशी बोलण्याची तेवढीच काळजी मात्र घेतली गेली नाही.

याउलट लागवड थांबली ती मुख्यतः करकायद्यातील बदलामुळे. मार्च १९८८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी वनीकरणाची ही करसवलत रद्द केली आणि गुंतवणूकदारांचा ओघ आटला. पक्ष्यांच्या बाजूने उभे राहिलेले शास्त्र या निर्णयास अनुकूल वातावरण तयार करू शकले, परंतु निर्णायक घाव कराच्या कलमाने घातला. ज्या प्रोत्साहनामुळे चुकीच्या जागी झाडे लागतात ते प्रोत्साहन शोधून काढणे, हे पक्षिगणनेइतकेच संवर्धनाचे काम आहे, हा या प्रकरणाचा धडा आहे.

नंतरच्या संशोधनाची साक्ष

अहवालानंतरच्या साडेतीन दशकांत झालेल्या संशोधनाने त्याचा मूळ युक्तिवाद केवळ टिकवला नाही, तर अधिक कठोर केला. झाडे पूर्ण वाढल्यावर, विल्सन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये फ्लो कंट्रीतील पाणथळीच्या पक्ष्यांच्या वितरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. डनलिन आणि सोनचिखल्या या पक्ष्यांवर होणारा प्रतिकूल परिणाम जंगलाच्या सीमेपासून ७०० मीटरपर्यंत जाणवतो, असे त्यात दिसून आले. याचा अर्थ असा की, लागवडीचे नुकसान लागवडीच्या क्षेत्रापुरते मोजणे ही चूक आहे. मोकळ्या माळावर चौकोनी तुकड्यांत लावलेली झाडे आपल्या सावलीपेक्षा कितीतरी मोठी जमीन पक्ष्यांसाठी निरुपयोगी करून टाकतात.

यामागील कार्यकारणभाव समजण्यास कठीण नाही. जमिनीवर घरटे करणारा पक्षी दूरवरच्या दृष्टीवर विसंबून असतो. शत्रू दुरून दिसला तर तो अंडी सोडून शांतपणे दूर सरकतो आणि घरट्याचा ठावठिकाणा लागू देत नाही. झाडांची भिंत उभी राहिली की ही दृष्टी संपते. त्याच झाडांवर कावळ्यांना बसायला जागा आणि त्यांच्या बुंध्याशी कोल्ह्यांना आसरा मिळतो. कर्ल्यू या लांब, खाली वाकलेल्या चोचीच्या पक्ष्याच्या बाबतीत हे नाते आकड्यांत मांडले गेले आहे. डग्लस व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासानुसार, कर्ल्यूच्या वीणस्थळाभोवतीच्या एक किलोमीटरच्या परिसरात वृक्षाच्छादन शून्यावरून दहा टक्क्यांवर गेले, तर त्या पक्ष्यांची संख्या केवळ स्थिर ठेवण्यासाठी शिकारी प्राण्यांच्या नियंत्रणाचे प्रयत्न सुमारे ४८ टक्क्यांनी वाढवावे लागतात. जगातील वीण करणाऱ्या कर्ल्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश ब्रिटनमध्ये असून १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तेथील त्यांची संख्या जवळजवळ निम्म्याने घटली आहे. या पार्श्वभूमीवर हा निष्कर्ष गंभीर ठरतो.

नुकसान केवळ जमिनीवर घरटे करणाऱ्यांपुरतेही मर्यादित नाही. मार्क्विस, न्यूटन आणि रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्येच दक्षिण स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमधील डोमकावळ्यांची घट वनीकरणाशी जोडून दाखवली होती. मेंढ्यांची चराऊ जमीन झाडांखाली गेल्यावर मृत मेंढ्यांवर जगणाऱ्या या पक्ष्याचे अन्न हिरावले गेले. कडेकपारी जागच्या जागी राहिल्या, घरट्यांच्या जागाही तशाच राहिल्या. नाहीसे झाले ते खालच्या उघड्या उतारावरील भक्ष्य.

वृक्षलागवडीच्या समर्थनाचा विचार

निःपक्षपाती चिकित्सेसाठी विरुद्ध बाजूचाही विचार आवश्यक आहे. पहिला युक्तिवाद असा की, लागवडीमुळे काही पक्ष्यांना लाभ होतो. हे खरे आहे. कोवळ्या लागवडीत चराई बंद असल्याने गवत उंच वाढते, उंदीरवर्गीय प्राणी वाढतात आणि भोवत्या जातीचे शिकारी पक्षी व आखूड कानांचे घुबड तेथे काही वर्षे सुखाने नांदतात. काळ्या ग्राउजलाही सुरुवातीचा काळ अनुकूल ठरतो. परंतु झाडांचे शेंडे एकमेकांना भिडले की हा लाभ संपुष्टात येतो. त्यानंतर येणारे सिस्किन, क्रॉसबिल, गोल्डक्रेस्ट इत्यादी पक्षी इतरत्रच्या जंगलांतही राहू शकतात. मोकळ्या दलदलीवरील पक्ष्यांना मात्र अन्यत्र जागा नसते. त्यामुळे जातींची बेरीज करून ‘विविधता वाढली’ असा निष्कर्ष काढणे दिशाभूल करणारे आहे.

दुसरा युक्तिवाद हवामानबदलाचा आहे आणि आज तोच सर्वाधिक प्रभावी आहे. झाडे कार्बन शोषून घेतात, म्हणून उच्चभूमीवर झाडे लावावीत, असे म्हटले जाते. फ्लो कंट्रीतील पीटमध्ये सुमारे ४० कोटी टन कार्बन साठलेला आहे. चर खोदून पीट कोरडे केले की हा साठा हवेच्या संपर्कात येऊन विघटित होऊ लागतो. फ्रिगेन्स व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये स्कॉटलंडमधील हेदरच्या माळावर लावलेल्या बर्च आणि पाइन वृक्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लागवडीनंतर १२ आणि ३९ वर्षांनीही झाडे व माती मिळून एकूण कार्बनसाठ्यात निव्वळ वाढ झालेली आढळली नाही. झाडाने खोडात साठवलेला कार्बन मातीने गमावला होता. म्हणजेच अशा मातीवर पक्षी आणि हवामान यांच्यात निवड करावी लागते, हा पेच मुळातच चुकीचा आहे.

तिसरा युक्तिवाद असा की, या उच्चभूमी पूर्णतः नैसर्गिक नाहीत. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी एके काळी झाडे होती आणि मेंढपाळी, जाळपोळ व तोड यांमुळे ती गेली. या म्हणण्यातही तथ्य आहे. दऱ्याखोऱ्यांत, ओढ्यांच्या काठी आणि कोरड्या उतारांवर स्थानिक वृक्षांचे पुनरुज्जीवन योग्यच आहे. परंतु त्यावरून खोल पीटवर परदेशी सूचिपर्णी वृक्षांच्या रांगा लावण्याचे समर्थन होत नाही. प्रश्न झाडांच्या बाजूचे की विरुद्ध, असा नसून कोणते झाड, कोठे आणि कशाच्या जागी, असा आहे.

फ्लो कंट्रीच्या पुढील इतिहासाने हाच निवाडा दिला. रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स या संस्थेने १९९५ मध्ये फोर्सिनार्ड येथे जमीन खरेदी करून राखीव क्षेत्र स्थापन केले. तेथे दोन हजारांहून अधिक हेक्टरवरील झाडे तोडण्यात आली आणि चर बुजवून पाणी पुन्हा अडवण्यात आले. दलदल पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात, म्हणून या खर्चाचा आणि श्रमाचा हिशेब अद्याप पूर्ण झालेला नाही. जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा समितीच्या नवी दिल्ली येथील अधिवेशनात फ्लो कंट्रीचा समावेश जागतिक वारसा यादीत करण्यात आला. एके काळी ओसाड ठरवून नांगरली गेलेली जमीन जगाचा ठेवा असल्याचा निर्णय भारताच्या राजधानीत व्हावा, हा योगायोग भारतीय अभ्यासकांना विचारप्रवृत्त करणारा आहे.

भारतीय संदर्भ

फ्लो कंट्रीची कथा भारताला परकी नाही. निलगिरी, पळणी आणि अन्नामलाई या दक्षिणेकडील उंच डोंगरांवर शोला वने आणि गवताळ उतार यांची नैसर्गिक वीण आहे. खोलगट दऱ्यांत झाडे आणि उघड्या उतारांवर गवत, अशी ही रचना. ब्रिटिश काळात जळणासाठी, कातडी कमावण्याच्या सालीसाठी आणि स्वातंत्र्यानंतर लगद्याच्या उद्योगासाठी या गवतावर युकॅलिप्टस, वॉटल आणि पाइन लावण्यात आले. अरसुमणी व सहकाऱ्यांच्या २०१९ मधील अभ्यासानुसार, पश्चिम घाटातील उंचावरील गवताळ प्रदेशाचा २३ टक्के भाग, म्हणजे सुमारे ३४० चौरस किलोमीटर, १९७३ ते २०१७ या काळात विदेशी वृक्षांखाली गेला. लागवड थांबलेल्या ठिकाणीही वॉटलचे बी आपोआप पसरत राहते. निलगिरी तिरचिमणी हा याच गवतावर राहणारा, जगात अन्यत्र न आढळणारा पक्षी आहे. त्याचे गवत गेले तर त्याला स्थलांतर करण्यासाठी दुसरा डोंगर नाही.

मराठी भाषेने या घटनेची नकळत नोंद करून ठेवली आहे. युकॅलिप्टस या ऑस्ट्रेलियन झाडाला मराठीत ‘निलगिरी’ म्हणतात. ज्या डोंगराच्या गवतावर हे झाड लादले गेले, त्या डोंगराचे नावही त्याने घेतले. आज सामान्य मराठी माणसाला ‘निलगिरी’ म्हटल्यावर डोंगराआधी झाड आठवते.

महाराष्ट्रात उंच सडे आणि दख्खनची माळराने यांची स्थिती याहून फार वेगळी नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर पातळ मातीचा थर, पावसाळ्यातील गवत व रानफुले आणि त्यांवर जगणारे चंडोल, टिटव्या, तिरचिमण्या यांचे विश्व असते. पठाराखालच्या सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांत माळढोकाचे माळ आहेत, अथवा होते. १९७९ मध्ये नान्नज परिसरात माळढोकासाठी अभयारण्य घोषित झाले. आज राज्यातून हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला आहे. शिकार, शेतीचा विस्तार, सिंचन, वीजवाहिन्या अशी त्याची अनेक कारणे असून एकट्या वृक्षलागवडीवर दोष ठेवणे अशास्त्रीय होईल. तथापि गवताळ माळावर झाडे लावल्याने या पक्ष्याचा अधिवास बिघडतो, हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे माजी संचालक डॉ. असद रहमानी यांच्यासारखे अभ्यासक दीर्घकाळ सांगत आले आहेत.

या सर्वांच्या मुळाशी एक शब्द आहे, तो म्हणजे ‘पडीक’. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले आणि २००० पासून देशाच्या पडीक जमिनींचे नकाशासंग्रह प्रसिद्ध होत आले. मधुसूदन आणि वनक यांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, देशातील अर्धशुष्क प्रदेशांमधील नैसर्गिक मोकळ्या परिसंस्थांनी भारताच्या सुमारे दहा टक्के भूभाग व्यापला आहे. त्यांचा जवळजवळ सत्तर टक्के भाग शासकीय नकाशांत पडीक म्हणून दाखवलेला आहे आणि पाच टक्क्यांहूनही कमी भागाला संरक्षण आहे. ‘पडीक’ हा शब्द नांगराच्या दृष्टीने बनलेला आहे. जे पिकत नाही ते पडून आहे, असा त्याचा अर्थ. मराठीतील जुने शब्द याहून अधिक जाणते आहेत. माळ, कुरण, गायरान, सडा, रान हे शब्द जमिनीचा प्रकार व तिचा उपयोग सांगतात. माळढोक, तणमोर, माळटिटवी या पक्ष्यांच्या नावांतच त्यांचा पत्ता आहे. धनगर, मेंढपाळ ज्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या वर्षातून ठरावीक काळ जनावरे चारतात ती जमीन रिकामी आहे, असे केवळ कागदच म्हणू शकतो.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर केली. उजाड झालेल्या वनजमिनीवर, रस्त्यांकडेला, शहरांत आणि शेताच्या बांधावर स्थानिक झाडे लावणे इष्टच आहे. परंतु उद्दिष्ट संख्येत दिले की जमीन शोधण्याचे दडपण निर्माण होते आणि सहज हाती लागणारी जमीन ही बहुधा मोकळी, सामायिक आणि पडीक ठरवलेली असते. ब्रिटनमध्ये जे काम करसवलतीने केले ते येथे उद्दिष्टाच्या आकड्याकडून होण्याचा धोका आहे. दोन्ही ठिकाणी झाड लावणाऱ्याला जमीन पाहण्याची गरज उरत नाही.

समारोप

‘बर्ड्स, बॉग्ज अँड फॉरेस्ट्री’ हा अहवाल आकड्यांच्या बाबतीत अनुमानावर आधारलेला, काळाच्या दृष्टीने अपुरा आणि लोकसंवादाच्या बाबतीत उणा होता. तरीही त्याचा मध्यवर्ती विचार पुढील संशोधनाच्या कसोटीस उतरला. वृक्षहीन भूमी ही वृक्षांची वाट पाहणारी भूमी नसते. ती स्वतःच्या नियमांनी पूर्ण असलेली परिसंस्था असते आणि तिच्यावरील पक्षी हे त्या पूर्णतेचे सर्वांत संवेदनशील साक्षीदार असतात.

या विचारातून तीन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. एक, लागवडीचे यश रोपांच्या संख्येवर न मोजता त्या जागेच्या मूळ स्वरूपाशी असलेल्या सुसंगतीवर मोजले जावे. दोन, लागवडीपूर्वी त्या जमिनीवरील पक्षी, गवत आणि चराई यांची किमान एक वर्षाची नोंद घेतली जावी. अशी पूर्वनोंद नसल्यामुळेच १९८७ च्या अहवालाला अनुमानावर विसंबावे लागले. तीन, त्या जमिनीवर उपजीविका करणाऱ्या लोकांचा या निर्णयात सहभाग असावा. तो नसल्यास शास्त्र बरोबर असूनही संस्था हरते, हे स्कॉटलंडने दाखवून दिले आहे.

या कामात महाविद्यालयांची भूमिका गौण नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या आरंभी राज्यातील असंख्य शिबिरे जवळच्या एखाद्या टेकडीवर किंवा माळावर खड्डे खणतात. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल आणि मराठी हे विभाग एकत्र आले तर त्याच टेकडीवरील गवतांच्या जाती, जमिनीवर घरटे करणारे पक्षी, चराईचे वेळापत्रक आणि त्या जागेची जुनी नावे यांची नोंद विद्यार्थ्यांकडून सहज होऊ शकते. अशी नोंद झाल्यावर जेथे झाड हवे तेथे ते अधिक डोळसपणे लागेल. आणि एखाद्या माळावर मार्चमध्ये टिटवीची अंडी दिसली असतील, तर जूनमध्ये तेथे खड्डा खणावा की नाही, हे ठरवण्यासाठी परिपत्रकाची आवश्यकता भासणार नाही.